हात बघावा, खण बघू नये

शंभरावं कार्ड खणात पडलं, घड्याळ धरून बसलेल्या गृहस्थांनी "दोन मिनिटं अकरा सेकंद" असं जाहीर केलं, आणि सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चार वर्षं बंद असलेला छताचा पंखासुद्धा थोडा फिरला. निदान पुढच्या आठवड्यात तसं छातीठोकपणे सांगणारे तिघे निघाले. चमत्काराचं हे असंच असतं. त्याला बसायला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो.

व्यासपीठावर टपाल कचेरीतल्या सॉर्टिंगच्या खोलीतलं अठ्ठेचाळीस खणांचं जुनं उघडं कपाट आणून ठेवलं होतं. एका खणात एका वाटेवरची गावं. कार्डावर गावाचं नाव वाचायचं आणि ते कुठल्या खणात जातं हे आठवून तिथे टाकायचं, एवढंच काम. गावं मात्र सहाशे चाळीस. मुरलेल्या माणसाला शंभर कार्डांना चार मिनिटं लागतात, नवख्याला सहा. आणि जी मुलगी तीन महिन्यांपूर्वी कायम होण्याच्या परीक्षेत वेळेत कार्डं न संपल्यामुळे नापास झाली होती, तिने हा पराक्रम दोन मिनिटांत केला होता.

श्रेय अर्थातच तिचं नव्हतं. श्रेय घ्यायला स्मृतीबाबा पुढे झाले. अंगात लांब पांढरा कोट, डॉक्टरचाही वाटत नव्हता आणि न्हाव्याचाही वाटत नव्हता. पूर्वी ते मोटारींचे हॉर्न विकत, त्यामुळे आवाज दांडगा. त्यांनी सांगितलं की मेंदूला सोळा खिडक्या असतात आणि सामान्य माणूस अडीच खिडक्यांवर जन्म काढतो. अर्धी खिडकी कशी असते हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बहुधा उरलेल्या साडेतेरा बंद असल्यामुळे. मग त्यांनी मिरीएवढी काळी गोळी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. हीच ती प्रज्ञावटी. बाबा तिच्यावर डाव्या नाकपुडीतून फुंकर घालत. उजवीतून घातली तर गोळीत विस्मरण उतरतं म्हणे, म्हणून ज्या दिवशी त्यांचं डावं नाक चोंदलेलं असे त्या दिवशी वाटप बंद.

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर गावातले औषधवाले बसले होते. साठीचे, चष्मा लावणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाबा प्रत्येक सभेत त्यांच्याकडे हात करून "विज्ञानाचे प्रतिनिधी" म्हणत आणि औषधवाले मान तुकवत. आज मात्र ती मान तुकलीच नाही. व्यासपीठावरची मुलगी त्यांची सख्खी पुतणी होती. भाऊ-वहिनी गेल्यापासून त्यांच्याच घरात वाढलेली. लहानपणापासून चपळ, खिशात काहीबाही भरून ठेवणारी, म्हणून तिला सगळे खारू म्हणत. ती गोळ्या घेते हे त्यांना आत्ता, सगळ्या गावाबरोबर कळत होतं.

गाव तिचे हात बघत होतं. औषधवाले तिचे ओठ बघत होते. कोरडे पडलेले. ती सारखी जीभ फिरवत होती आणि टाळ्या थांबल्या तरी तिची टाच जमिनीवर टकटक वाजत होती. डोळ्यांतली बाहुली एवढ्या उजेडातही मोठी. हे सगळं त्यांनी पूर्वी वाचलेलं होतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कुणीच वाचत नाही, त्या कागदावर.

कारण प्रज्ञावटीत काय आहे हे त्या सभागृहात बाबांखेरीज आणखी एकालाच ठाऊक होतं.

चार महिन्यांपूर्वी बाबा पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा त्यांच्याकडे सहा रुग्णांची सहा प्रिस्क्रिप्शनं होती. सहाही जणांना एकच आजार, भर दिवसा बसल्या जागी झोप लागण्याचा. त्यावर मेंदूला चेतवणाऱ्या, झोप उडवणाऱ्या पांढऱ्या गोळ्या देतात, आणि त्या वाटेल त्याला मिळत नाहीत. आजार तसा दुर्मीळ, हजार-दोन हजारांत एखाद्याला होणारा. बाबांच्या गल्लीत मात्र त्याने सहा घरं धरली होती. सहाही कागदांवर कुठल्याशा लांबच्या शहरातल्या एकाच डॉक्टरची सही, आणि सहाही रुग्णांच्या वतीने येणारे बाबा एकटे. औषधवाल्यांना त्याच दिवशी शंका आली होती. पण कागद रीतसर होते, शिक्का होता, तारीख होती. ज्याला शंका नको असते त्याला शिक्का फार उपयोगी पडतो.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. बाबा त्याच काउंटरवर मधाची बाटली घेत आणि पोट बिघडल्यावर देतात ती कोळशाची पूडही घेत. सहा आजाऱ्यांच्या पांढऱ्या गोळ्या, मध आणि काळी पूड. तिन्ही वस्तू औषधवाल्यांनी दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या हाताने एकाच पिशवीत भरून दिल्या होत्या. पुढच्या रविवारी मिरीएवढी काळी गोळी पाहिल्यावर कुणालाही कळलं असतं. त्यांना कळलंच. पण तोवर पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मिळाली होती.

त्या संध्याकाळी खारू घरी आली ती बोलतच. मेंदू कसा स्वच्छ झालाय, गावाचं नाव वाचायच्या आत हात खणापाशी कसा पोचतो, हेड सॉर्टर कसे मागे उभे राहून तिच्या कोपराकडे बघत राहिले, हे तिने उभ्या उभ्या सांगितलं. जेवायला बसली आणि ताटाला हात न लावता उठली. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण थकवा म्हणून नाही. अभ्यासाची वही तिने माळ्यावर टाकली होती. पाहिलं की आत जातं, मग घोकायचं कशाला?

औषधवाल्यांनी घसा साफ केला. सांगायचं ते ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. गोळीत काय आहे ही एक, आणि ते आपल्याला कसं ठाऊक ही दुसरी. पहिली गोष्ट दुसरीचं बोट धरूनच बाहेर येत होती. शेवटी ते म्हणाले, "चुका किती झाल्या?"

"कसल्या चुका?"

"कार्डं चुकीच्या खणात किती गेली?"

खारू हसली. "काका, दुसऱ्याच्या खणात डोकावतं का कुणी?"

हे मात्र खरं होतं. सॉर्टिंगच्या खोलीत एक जुना दंडक होता: हात बघावा, खण बघू नये. कधी काळी कुणाचं तरी एक पाकीट गहाळ झालं होतं, तेव्हापासून जो दुसऱ्याच्या खणांजवळ मान वाकडी करील त्याच्याकडे सगळे चोर म्हणून बघत. त्यामुळे माणसाची पारख हाताच्या वेगावर. चुका निघत, पण तीन-चार दिवसांनी, जेव्हा भलत्या गावाहून पत्र "इथे या नावाचं कुणी नाही" अशा शेऱ्यासह परत येई. तोवर वाहवा होऊन गेलेली असे. खरी परीक्षा तेवढी निराळी. ती घ्यायला बाहेरून माणूस येई आणि तो एकेक खण उपसून मोजे. तीनशे कार्डांत सहा चुका माफ, सातवीला नापास. दुसऱ्यांदा नापास झाली की हंगामी नोकरीही गेली. ती परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

औषधवाल्यांनी तिला दूध पी म्हणून सांगितलं आणि ते निजायला गेले. झोप त्यांनाही आली नाही; आणि तेही गोळी न घेता.

बुधवारी परतीच्या टेबलावरच्या बाई ब्लड प्रेशरची गोळी न्यायला दुकानात आल्या. परत आलेली पत्रं पुन्हा योग्य वाटेला लावणं हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षं त्या टेबलावर बसून त्यांची एक खात्री झाली होती, की माणूस जितका ठासून बोलतो तितकं त्याचं पत्र जास्त गावं फिरून येतं. त्यांनी सांगितलं की दोन महिन्यांत टेबलावर पत्रांचा डोंगर झालाय. प्रत्येक गठ्ठ्यावर सॉर्टरच्या नंबराची चिठ्ठी असते. त्यांनी त्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. बारा नंबर होते आणि बाराही जण रविवारच्या सभेला जाणारे. पूर्वी चुका लाजत लाजत यायच्या, म्हणाल्या, आता मिरवत येतात. एका बाईंचं ऑपरेशनच्या तारखेचं पत्र तीन गावं हिंडून आलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

"ते कुणी टाकलं होतं?" औषधवाल्यांनी विचारलं.

"नंबर सतरा."

सतरा नंबरचा बिल्ला औषधवाल्यांच्या घरात दाराच्या खिळ्याला टांगलेला असे.

बाईंनी विचारलं की माणसाचा हात जोरात चालावा आणि डोकं मागे राहावं, असा काही आजार असतो का. औषधवाले गोळ्यांची पट्टी उगाच दोनदा मोजत राहिले. मग त्यांनी काउंटरखालची फाइल काढली आणि सहा प्रिस्क्रिप्शनांच्या नकला बाईंसमोर ठेवल्या. मधाचं आणि कोळशाचंही सांगितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ते एवढं सलग बोलले असतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"रविवारी खण मी उपसते," त्या म्हणाल्या. "पिशवीचं तुम्ही बोला."

"लायसन्स जाईल हो माझं."

"जाईल," बाई म्हणाल्या आणि गोळ्या पर्समध्ये टाकून निघाल्या.

मधले तीन दिवस औषधवाल्यांनी काय केलं, तर भित्रा माणूस करतो ते सगळं. बाबांना परस्पर निरोप धाडावा का, हा विचार केला. खारूची गोळ्यांची डबी लपवली. तिने पाच मिनिटांत शोधली आणि काकांना विसराळू म्हटलं. निनावी चिठ्ठी लिहायला घेतली, पण गावात एवढं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. खारू रोज सकाळी त्यांच्यासमोर एक गोळी जिभेवर ठेवी आणि ते रोज वर्तमानपत्र वर धरीत.

रविवारी सभागृह मागच्यापेक्षा जास्त भरलं. खारूने पुन्हा शंभर कार्डं टाकली. दोन मिनिटं चार सेकंद. टाळ्या ओसरायच्या आत परतीच्या टेबलावरच्या बाई पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी पहिल्या खणात हात घातला.

गाव चपापलं. भर सभेत कुणी दुसऱ्याच्या खिशात हात घालावा तसं ते होतं. हेड सॉर्टर उठून उभे राहिले. बाई त्यांना म्हणाल्या की एकोणतीस वर्षं यातल्याच चुका उचलून पोट भरलंय, आज त्या इथेच उचलते. आणि त्या कार्ड काढून गाव वाचू लागल्या. बरोबर असलेलं डावीकडे, चुकलेलं उजवीकडे. पहिल्या दहा खणांपर्यंत लोक कुजबुजत होते. पुढे कुजबुज थांबली, कारण उजवीकडचा ढीग दिसू लागला.

शंभरातली एकोणतीस कार्डं चुकली होती.

त्यातली नऊ एकाच खणात सापडली, अकराव्यात. नदीपलीकडची ही नऊ गावं गेल्या महिन्यात तिसाव्या खणात हलवली होती, तशी नोटीसही लागली होती. बाईंनी खारूला त्यातलं एक गाव विचारलं. खारू क्षणभरही न थांबता म्हणाली, तिसावा. मग हात अकराव्यात का गेला? हे तिलाच कळेना. ती आपल्या हाताकडे असं पाहू लागली, जणू तो कुणी उसना दिला होता.

बाबा मुरलेले होते. त्यांनी लगेच सांगितलं की सभागृहात अविश्वासाची कंपनं आहेत, त्यामुळे आठवी आणि नववी खिडकी आपटली. एखाद्याच्या मनात किंतु असेल तर त्याने बाहेर जावं.

औषधवाले उठले. ते बाहेर जाणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनाही घडीभर तसंच वाटलं. पण पाय व्यासपीठाकडे वळले. वर जाऊन त्यांनी सहा कागदांच्या नकला, मधाची बाटली, काळ्या पुडीची डबी आणि पांढऱ्या गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर ओळीने मांडलं. मग खाली बघतच म्हणाले, "प्रज्ञावटी यातनं होते. नाकाचा संबंध नाही. सामान माझ्या दुकानातलं आहे, आणि ते मीच बांधून देत होतो."

बाबा म्हणाले की विज्ञानाच्या प्रतिनिधींना भ्रम झाला आहे. औषधवाल्यांनी त्यांना सहा रुग्णांची नावं विचारली. स्मृतीबाबांना दोन आठवली.

हशा पिकला. चार महिने जे टाळ्या वाजवत होते तेच आता सर्वांत मोठ्याने हसत होते, आणि आपल्याला पहिल्यापासून संशय होता असं एकमेकांना सांगत होते. त्या गलक्यात खारू काकांजवळ आली. तिचा आवाज हळू होता, पण त्यांना तेवढाच ऐकू आला.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी घेते, हे?"

"मागच्या रविवारपासून."

"म्हणजे सलग सात सकाळी," ती म्हणाली. "तुम्ही पेपर वाचत होतात."

ती पायऱ्या उतरून निघून गेली. बाबाही निघाले, पण मागच्या दाराने. आणि कोट अंगात असल्यामुळे चौकीच्या शिपायाला ते ओळखायला सोपे गेले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सोमवारी सकाळी औषधवाल्यांनी दुकान उघडलं, तेव्हा दारात टपाल कचेरीतले चार सॉर्टर उभे. बाबा लफंगा निघाला याबद्दल चौघांचं एकमत होतं. मग त्यांतला एक पुढे झाला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा खोटा, हे पटलं. पण गोळी तर खरी ना? तेवढी द्या की. फुंकर नसली तरी चालेल."

औषधवाल्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. माणसाला चमत्कारातून सोडवणं सोपं; चमत्काराची चव एकदा लागली की ती सोडवणं अवघड. त्यांनी चौघांना आत बसवलं आणि त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगितलं.

गोळी खरी आहे, म्हणाले, म्हणूनच तिची भीती. ज्याला आजार आहे त्याला डॉक्टर ती मोजून देतात आणि तो माणसात येतो. पण धडधाकट माणसाने ती खाल्ली तर काय होतं? मेंदूत काही रस असतात, ते सांगतात की जागा राहा, इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं. गोळी त्या रसांचा जोर वाढवते. थोडा जोर वाढला तर कंटाळवाण्या कामात लक्ष टिकतं, हे मी नाकारत नाही. पण हा जोर म्हणजे अक्कल नव्हे. जास्त झाला की सगळंच महत्त्वाचं वाटू लागतं. आणि जे महिनोन्‌महिने अंगवळणी पडलंय त्याच वाटेने हात धावतो. नऊ गावं नव्या खणात गेली हे डोक्याला ठाऊक असतं, पण थांबून वळायचं काम मेंदूच्या ज्या भागाने करायचं, तोच बाजूला ढकलला गेलेला असतो. आणि आपल्याला सगळं येतंय ही खात्री तेवढी दुणावते. जिथे खात्री वाढते आणि ज्ञान वाढत नाही, तिथे माणूस पडताळून बघणंच सोडतो.

"आणि झोप," ते म्हणाले. "दिवसभर जे वाचलं-शिकलं ते मेंदूत ढिगाने येऊन पडतं. त्याची वाटणी करून ते ज्या त्या खणात लावायचं मोठं काम झोपेत होतं. तुम्ही गोळी खाऊन कचेरी रात्रभर उघडी ठेवता. टपाल येतच राहतं आणि सॉर्टरला हात लावायला फुरसत नाही. सकाळी म्हणता, किती शिकलो. शिकला नाहीत. नुसते जागलात."

एकाने विचारलं, मग लक्षात राहायला काय घ्यायचं?

"काही घ्यायचं नाही. थोडं थोडं रोज वाचा. वही मिटून स्वतःला विचारा. चुकलं की ते कुठे चुकलं ते उघडून बघा. आणि झोपा. याला जाहिरात नाही, कारण हे बाटलीत भरता येत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याचा हात बघू नका. खणात हात घाला. लाज वाटली तरी घाला. मला वाटली, म्हणून मी चार महिने घातला नाही."

चौघांपैकी तिघे गेले. चौथा थोडा रेंगाळला आणि मग त्याने ब्रश विकत घेतला, दात घासण्याचा. येण्याचं काहीतरी कारण हवं म्हणून.

खारू पहिल्या दिवशी सोळा तास झोपली. पुढचे चार दिवस तिला कशातच राम वाटेना. उठावंसं वाटेना, बोलावंसं वाटेना. औषधवाले तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि तिथे सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. गोळी सुटली की असे काही दिवस जातात, नजर ठेवा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी नजर ठेवली. ती त्यांच्याशी जेवणापुरतं बोले. आठव्या दिवशी ती स्वतः माळ्यावर चढली आणि वही काढून बसली. शेजारच्या खोलीतून गावांची नावं ऐकू येत, मध्येच थांबत, पुन्हा मागे जाऊन सुरू होत.

परीक्षेला ती गेली आणि आली. तीनशेपैकी तीनशे कार्डं टाकून झाली होती, शेवटचं घंटा व्हायच्या जेमतेम आधी. चुका पाच. हे तिने चपला काढता काढता सांगितलं. औषधवाल्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण कौतुक करायचा आपला हक्क उरला आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

ते टेबलापाशी बसून औषध खात्याला अर्ज लिहीत होते. घडलेला सगळा प्रकार, सहा कागदांच्या नकला सोबत, आणि होईल ती कारवाई मान्य असल्याचं. चौथ्यांदा लिहून झाला होता. खारूने हात पुसले आणि मागे उभं राहून तो वाचला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, अजिबात घाई न करता. मग तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "माझ्याकडून अनवधानाने."

"हा शब्द चुकीच्या खणात पडलाय, काका."

औषधवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली दिसत नव्हती. वाटही बघत नव्हती. बोट मात्र तिने उचललं नाही. त्यांनी पेन उघडलं, शब्द खोडला आणि त्याच्या वर, आपल्या त्या वाईट अक्षरात, पण कुणालाही वाचता येईल असं लिहिलं: "माहीत असून."